ओळख पटल्याशिवाय

प्रस्तावना

मोबाइलवर बँकेचं अ‍ॅप उघडलं की पापणी लवायच्या आत दोन यंत्रं आपापसांत एक किल्ली ठरवतात आणि त्यानंतरचं सगळं बोलणं तिसऱ्याला न कळणाऱ्या रूपात चालतं. या एन्क्रिप्शनचं गणित आज इतकं पक्कं आहे की ते फोडण्याच्या नादाला शहाणा हल्लेखोर लागत नाही. त्याला ते फोडावंच लागत नाही. तो मध्ये उभा राहतो, फोनशी एक किल्ली ठरवतो आणि बँकेशी दुसरी. दोन्हीकडचं एन्क्रिप्शन निर्दोष चालू असतं, आणि मधल्या जागी सगळा मजकूर उघडा पडलेला असतो. फोनला वाटतं आपण बँकेशी बोलतोय, बँकेला वाटतं आपण फोनशी बोलतोय.

त्या मधल्याला बाहेर ठेवणारी जी तपासणी असते, तिच्याबद्दलचं हे पुस्तक आहे. पलीकडच्याने दाखवलेलं सर्टिफिकेट खरं आहे का, ते त्याचंच आहे का, आणि आपल्याला ज्याच्याशी बोलायचं होतं तोच हा आहे का, हे तिचे तीन प्रश्न. संगणक सुरक्षेच्या अभ्यासक्रमांत एन्क्रिप्शनला धडेच्या धडे मिळतात आणि या तीन प्रश्नांना जेमतेम दोन पानं. माझ्या मते हे प्रमाण उलटं हवं. गेल्या तीस वर्षांत सुरक्षित जोडण्या जिथे जिथे फसल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी संकेतलिपी शाबूत होती आणि ओळख पटवण्याचं काम राहून गेलं होतं.

ही अडचण सार्वजनिक किल्लीच्या, म्हणजे सर्वांना सांगायची आणि जिची खासगी जोडकिल्ली स्वतःपाशी ठेवायची अशा किल्लीच्या, कल्पनेइतकीच जुनी आहे. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ती कल्पना मांडली, तेव्हा ‘ही किल्ली अमक्याचीच, हे कशावरून?’ हा प्रश्न लगेच उभा राहिला. सगळ्यांच्या किल्ल्या एका सार्वजनिक नोंदवहीत ठेवाव्यात, असा उपाय त्यांनी सुचवला. पण मग प्रत्येक वेळी नोंदवहीकडे जायचं, आणि नोंदवहीच्या नावाने उत्तर देणारा खरा आहे की तोतया, हे पुन्हा वेगळं तपासायचं. १९७८ मध्ये एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात यातून वाट काढली. नोंदवहीतली एकेक नोंद सुटी करायची आणि तिच्यावर नोंदवही सांभाळणाऱ्याची डिजिटल सही घ्यायची. सही जुळत असेल तर ती नोंद कुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली याने काही बिघडत नाही, अगदी चोराच्या हातून आली तरी. या सहीच्या नोंदीला त्याने सर्टिफिकेट म्हटलं. एका पदवीच्या प्रबंधावर आज जगभरचे आर्थिक व्यवहार उभे आहेत, आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्याचं नावही सहसा माहीत नसतं, याची मला खंत वाटते.

पुढे १९८८ साली दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एक्स.५०९ हा सर्टिफिकेटचा साचा ठरवला. साऱ्या जगातली माणसं आणि संस्था एका डिरेक्टरीत बसवायच्या एक्स.५०० नावाच्या मोठ्या योजनेचा तो एक भाग होता. ती डिरेक्टरी कधी प्रत्यक्षात आली नाही, साचा मात्र टिकला. आजही कुठल्याही वेबसाइटचं सर्टिफिकेट उघडून पाहिलं तर देश, संस्था असे रकाने दिसतात, ते त्या न झालेल्या डिरेक्टरीचे आहेत. वेबला हवं होतं ते डोमेनचं नाव, आणि त्यासाठी त्यात धड जागाच नव्हती. ते आधी ‘कॉमन नेम’च्या रकान्यात कोंबलं गेलं, मग पर्यायी नावांच्या वेगळ्या विस्तारात आलं. क्रोम ब्राउझरने कॉमन नेमकडे पाहणं पूर्णपणे थांबवलं ते २०१७ मध्ये. नाव कुठे लिहायचं एवढं ठरायला जवळपास तीन दशकं गेली, यावरून या विषयातल्या गुंत्याची कल्पना यावी.

१९९५ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरमधून एसएसएल ही सुरक्षित जोडणीची पद्धत लोकांपुढे आणली, आणि सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या कोणत्या संस्थांवर, म्हणजे सर्टिफिकेट अथॉरिटींवर, विश्वास ठेवायचा याची यादी ब्राउझरमध्येच घालून दिली. वापरणाऱ्याने हा निर्णय घेतला नव्हता, कुठल्या सरकारनेही नाही. क्रेडिट कार्डाने खरेदी सुरू व्हायची होती, घाई होती, आणि त्या घाईत घेतलेला निर्णय आजतागायत सगळ्याच्या मुळाशी आहे. एसएसएलचं पुढे टीएलएस झालं आणि २०१८ मध्ये त्याची १.३ ही आवृत्ती आली. जुनी, कमकुवत गणितं एकेक करून काढून टाकली गेली. यादी आहे तिथेच आहे, फक्त ती कुणी आणि कोणत्या नियमांनी सांभाळायची याबद्दलचे वाद वाढले.

ही तपासणी चालते कशी, हे नवख्या वाचकाला एका परिचित कामावरून सांगता येईल. खरेदीखत नोंदवायला गेलं की दुय्यम निबंधक आपल्याला ओळखत नसतो. आपल्याला ओळखणारे साक्षीदार लागतात, त्यांची स्वतःची ओळखपत्रं लागतात, आणि ती ओळखपत्रं निबंधक मानतो अशा कार्यालयाने दिलेली असावी लागतात. सर्टिफिकेटची साखळी अशीच असते. वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर मधल्या अथॉरिटीची सही, तिच्यावर वरच्या अथॉरिटीची, आणि शेवटी मूळ म्हणजे रूट सर्टिफिकेट, जे आपल्या यंत्राच्या यादीत आधीपासून असतं.

तुलना इथेच सोडावी लागते, कारण संगणकाला निबंधकाच्या अनुभवी नजरेचा आधार नसतो. त्याला प्रत्येक गोष्ट बजावून सांगावी लागते. सही गणिताने जुळते का, मुदत सुरू झाली आहे का, संपली तर नाही ना, हे झालंच. पण ज्याने सही केली त्याला दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर सही करायचा अधिकार तरी आहे का? हा प्रश्न विचारायचा राहिला तर काय होतं ते २००२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक या सुरक्षा संशोधकाने दाखवलं. इंटरनेट एक्सप्लोरर ही बाब तपासत नव्हता, त्यामुळे साध्या वेबसाइटचं वैध सर्टिफिकेट असलेला कुणीही कुठल्याही बँकेच्या नावाने सर्टिफिकेट बनवू शकत होता आणि ब्राउझर ते मानत होता. मग नाव जुळतं का हे पाहायचं, आणि अक्षरन् अक्षर पाहायचं. २००९ मध्ये उघडकीला आलेल्या एका हल्ल्यात नावाच्या मध्ये शून्य किमतीचं अक्षर घातलेलं होतं. अथॉरिटीने पूर्ण नाव वाचून सर्टिफिकेट दिलं, आणि तपासणाऱ्या प्रोग्रॅमने त्या शून्यापाशी वाचन थांबवून तेवढाच भाग बँकेचं नाव म्हणून मानला. शेवटची पायरी म्हणजे पलीकडच्याकडे त्या सर्टिफिकेटमागची खासगी किल्ली खरोखर आहे हे त्याने सहीनिशी सिद्ध करणं. सर्टिफिकेट तर जगजाहीर असतं, ते कुणीही पुढे करू शकतो. २०१४ च्या फेब्रुवारीत अ‍ॅपलच्या प्रणालीत नेमकी हीच पायरी गळालेली सापडली. ‘गोटू फेल’ ही एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती, आणि दुसऱ्या ओळीने प्रोग्रॅमला सहीच्या तपासणीवरून उडी मारायला लावली. आयफोन आणि मॅक दोन्ही त्यात सापडले होते.

सर्टिफिकेट अथॉरिटीची उतरंड हा एकच संप्रदाय आहे, असं मात्र कुणी समजू नये. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ईमेल एन्क्रिप्ट करणारं पीजीपी आणलं, तेव्हा त्यांना कुठलीही वरची सत्ता नको होती. ज्याने त्याने आपल्या ओळखीच्यांच्या किल्ल्यांवर सह्या कराव्यात आणि त्यातून विश्वासाचं जाळं विणलं जावं, हा त्यांचा विचार. विचार उदात्त होता, पण नेमाने सह्या करत बसणारी माणसं थोडी, म्हणून तो तज्ज्ञांच्या वर्तुळापलीकडे फारसा गेला नाही. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये टाटू इलोनेन यांनी दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्यासाठी एसएसएच लिहिलं. त्यात पहिल्या भेटीत दिसलेली किल्ली लक्षात ठेवायची आणि पुढे ती बदलली तर ओरडायचं, इतकाच नियम. पहिली भेट धोक्याची असते, आणि सर्व्हर सांभाळणारे बहुतेक जण तिथे डोळे मिटून ‘येस’ टाइप करतात. तरीही हा उपाय उत्तम चालला, कारण त्यात कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. डीएनएसच्या, म्हणजे डोमेन नावांच्या नोंदवहीच्या, नोंदींत किल्ली ठेवायचा डेन हा मार्ग २०१२ मध्ये मानक झाला. ब्राउझरांनी तो स्वीकारला नाही, ईमेल सर्व्हरांमध्ये मात्र त्याला जागा मिळाली. अ‍ॅपमध्येच ठरावीक किल्ली पक्की बसवण्याची पिनिंगची रीत आजही बँकांच्या अ‍ॅपमध्ये आढळते, आणि किल्ली बदलायच्या दिवशी तीच अ‍ॅपवाल्यांची झोप उडवते.

उतरंडीचा खरा कस लागला तो २०११ साली. डिजिनोटार ही नेदरलँड्समधली सर्टिफिकेट अथॉरिटी, डच सरकारच्याही सेवांना सर्टिफिकेटं पुरवणारी. त्या वर्षीच्या जून-जुलैमध्ये तिच्या यंत्रणेत शिरलेल्या हल्लेखोराने पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेटं काढून घेतली. त्यांतलं एक गुगलच्या सर्व उपडोमेनांसाठी चालणारं होतं, आणि इराणमध्ये लोकांचं जीमेल वाचायला ते वापरलं गेलं. सुमारे तीन लाख आयपी पत्ते त्याच्या तडाख्यात आल्याचं पुढच्या तपासात दिसलं. ही सर्टिफिकेटं गणिताने पूर्ण वैध होती. साखळी जुळत होती, मुदत शिल्लक होती, नावही बरोबर होतं. जगातल्या जवळपास कुठल्याही ब्राउझरने ती मानलीच असती. पकडलं ते क्रोमने, कारण गुगलच्या स्वतःच्या साइटसाठी कोणत्या किल्ल्या चालतील हे त्यात काही महिन्यांपूर्वीच पक्कं बसवलेलं होतं. इराणमधल्या एका वापरकर्त्याला इशारा दिसला, त्याने तो जगापुढे मांडला, आणि सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. ज्यांचे मेल वाचले गेले त्यांच्यात सरकारला नको असलेली किती माणसं होती, याचा विचार मनातून जात नाही. सर्टिफिकेटची तपासणी हा कारकुनी विषय नाही, हे मला डिजिनोटारने शिकवलं.

आपल्याकडेही असंच घडलं, आणि त्याची चर्चा मराठीत जवळजवळ झालीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये भारतात सर्टिफिकेट अथॉरिटींवर एक नियंत्रक आहे, सीसीए. त्याचं रूट सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. २०१४ च्या जुलैमध्ये गुगलला आपल्या डोमेनांच्या नावाने दिलेली अनधिकृत सर्टिफिकेटं आढळली. ती एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अथॉरिटीतून निघाली होती. नियंत्रकाने ३ जुलैला एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. विंडोजवरचे जे प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टची यादी वापरत त्यांना धोका होता. फायरफॉक्स वाचला, कारण त्याची यादी स्वतःची आणि भारताचं रूट तिच्यात नव्हतं. पुढे क्रोमने भारताच्या रूटची मान्यता जीओव्ही.इन, एनआयसी.इन अशा मोजक्या डोमेनांपुरती आखून दिली. एका सार्वभौम देशाची सही कुठवर चालेल हे एका खासगी कंपनीने ठरवलं. मला हे खुपतं. त्या दिवशीचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्य होता, हेही तितकंच खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य केल्याशिवाय विश्वासाच्या यादीचं राजकारण कळत नाही. कझाकस्तानने २०१९ मध्ये नागरिकांना सरकारी रूट बसवायला सांगितलं, तेव्हा ब्राउझर कंपन्यांनी ते अडवलं. युरोपीय संघात डिजिटल ओळखीच्या ईआयडास कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीवरून याच प्रश्नावर मोठा वाद झाला. भारत सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली, तिच्यातही सीसीएचं रूट अंतर्भूत असावं ही अट होती. ई-आधारची पीडीएफ उघडल्यावर सहीपाशी दिसणारं पिवळं प्रश्नचिन्ह पुष्कळांनी पाहिलेलं असतं. त्याचं कारणही हेच: वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या सहीमागचं मूळ अजून मानलेलं नसतं.

डिजिनोटारनंतर सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी आली. तिचा तपशील २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटसाठी क्रोमने ती सक्तीची केली. प्रत्येक सर्टिफिकेट जाहीर वहीत नोंदवायचं, वहीत नवी नोंद करता येते पण जुनी खोडता येत नाही, आणि वही कुणालाही वाचता येते. यामुळे चोरी थांबत नाही, पण लपतही नाही. माझ्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांतली या क्षेत्रातली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. आपल्या डोमेनच्या नावाने कुणी सर्टिफिकेट काढलं का हे आज नाशिकमधली एखादी पतसंस्थाही पाहू शकते, पैसे न देता.

एकदा दिलेलं सर्टिफिकेट रद्द कसं करायचं, हे कोडं मात्र नीट सुटलं नाही. रद्द झालेल्यांच्या याद्या फुगत गेल्या. मग १९९९ पासून ओसीएसपी या प्रोटोकॉलने अथॉरिटीला थेट विचारायची सोय झाली, पण उत्तर आलं नाही तर ब्राउझर पुढे जाऊ देत, आणि मध्ये बसलेल्याला उत्तर अडवणं सर्वांत सोपं. शेवटी उपाय निघाला तो मुदत कमी करण्याचा. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या लेट्स एन्क्रिप्टने फुकट आणि नव्वद दिवसांची सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. एप्रिल २०२५ मध्ये अथॉरिटी आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने ती टप्प्याटप्प्याने २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं ठरवलं. वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून सर्टिफिकेट हाताने बदलणाऱ्या कार्यालयांना ही पद्धत पुढे चालवता येणार नाही.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. ब्राउझर हे काम आता चोख करतात, त्यांच्यामागे मोठे संघ आहेत. प्रश्न आहे तो ब्राउझर नसलेल्या प्रोग्रॅमांचा: अ‍ॅप, पैसे चुकते करणारे सर्व्हर, मीटर, कॅमेरे, एकमेकांशी बोलणाऱ्या शेकडो लहान सेवा. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठांतल्या संशोधकांनी असे प्रोग्रॅम तपासले. हाती आलेलं चित्र इतकं वाईट होतं की त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच या कोडला जगातला सर्वांत धोकादायक कोड म्हटलं. त्यातलं कर्ल लायब्ररीचं उदाहरण मी विसरू शकत नाही. नाव तपासायचा पर्याय तिथे आकड्यांत द्यायचा असे. २ म्हणजे नाव जुळतं का पाहा, १ म्हणजे नाव नुसतं आहे का एवढंच पाहा. प्रोग्रॅमर प्रामाणिकपणे ‘ट्रू’ लिहीत, ‘ट्रू’चा १ होई, आणि तपासणी चालू केल्याच्या समजुतीत ती बंद पडे. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका अभ्यासाने १३,५०० अँड्रॉइड अ‍ॅप पाहिली, त्यांपैकी १,०७४ अ‍ॅपमध्ये मध्ये बसणाऱ्याला वाव देणारा कोड होता.

यात प्रोग्रॅमरला दोष देऊन भागत नाही. ओपनएसएसएल ही बहुतेकांच्या पायाखालची लायब्ररी. तिच्यात ग्राहक बाजूने काही सांगितलं नाही तर सर्टिफिकेट खोटं निघालं तरी जोडणी पुढे चालू राहते. तपासणीचा निकाल विचारला तर तो मिळतो, पण समोरच्याने सर्टिफिकेट दाखवलंच नसेल तरीही निकाल ‘ठीक’ असाच येतो, म्हणून सर्टिफिकेट आलं होतं का हे आधी वेगळं विचारावं लागतं. नाव जुळवण्याची तयार सोय तिच्यात २०१५ च्या १.०.२ आवृत्तीपर्यंत नव्हतीच. पायथॉनने २०१४ च्या अखेरीस २.७.९ आवृत्तीपासून तपासणी आपोआप चालू ठेवायचं ठरवलं, तेव्हा कितीतरी जुने प्रोग्रॅम अडले. ते आजवर कुणाशी बोलत होते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. चांगल्या लायब्ररीत सुरक्षित वाट ही न मागता मिळायला हवी आणि असुरक्षित वाट मागावी लागायला हवी, यावर मी पुस्तकभर हट्ट धरला आहे.

तरीही ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ करणारी ती ओळ लिहिली जातेच. चाचणीच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं असतं, संध्याकाळपर्यंत काम द्यायचं असतं, कुठून तरी एक ओळ मिळते, चूक गायब होते, आणि ती ओळ कोडबरोबर ग्राहकाकडे जाते. पुण्यातून आणि मुंबईतून जगभरच्या बँकांचं आणि विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. ते लिहिणारी मुलं-मुली जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना हा विषय कुणी त्यांच्या भाषेत बसून समजावलेला नसतो. त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलं. सर्टिफिकेट, सर्व्हर, हँडशेक हे शब्द आहेत तसेच ठेवले आहेत, कामाच्या जागी तेच बोलले जातात. चूक दाखवणारा इशारा आला तर तो बंद करण्याऐवजी वाचायचा कसा, स्वतःच्या चाचणीसाठी वेगळं रूट उभं करून ते फक्त चाचणीच्या यंत्रांवर कसं बसवायचं, साखळी अर्धवट आली किंवा जुन्या रूटकडे वळली तर ते कसं ओळखायचं, यावर पुस्तकाचा मोठा भाग खर्च झाला आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं रूट मुदत संपून गेलं. दुसरी वैध वाट हाताशी असतानाही जुन्या ओपनएसएसएलचे प्रोग्रॅम जोडण्या नाकारू लागले. तो प्रसंग सविस्तर घेतला आहे, कारण साखळी जुळवणं आणि साखळी तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत हे त्याच्याइतकं दुसऱ्या कशाने स्पष्ट होत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांचं सर्टिफिकेट तपासण्याच्या पद्धतीलाही पुरेशी जागा दिली आहे. बँकांच्या आपसांतल्या जोडण्यांत आणि कंपन्यांच्या अंतर्गत सेवांत ती आता नेहमीची झाली आहे.

क्वांटम संगणकांपुढे टिकतील अशा सह्यांचा विषय बाहेर ठेवला. त्या सह्या आकाराने मोठ्या असतात आणि त्यामुळे सर्टिफिकेटचा साचाच बदलायचा विचार चालू आहे, तो स्थिरावला की त्यावर वेगळं लिहिता येईल.

पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. आधी आपल्या हातातला एखादा प्रोग्रॅम घ्यावा आणि चाचणीच्या यंत्रावर त्याच्यापुढे सहा सर्टिफिकेटं ठेवावीत: मुदत संपलेलं, दुसऱ्याच नावाचं, स्वतःच सही केलेलं, अनोळखी रूटचं, मधली कडी गाळलेलं आणि रद्द झालेलं. कोणकोणत्या वेळी जोडणी उघडली ते लिहून काढावं. ही सहा सर्टिफिकेटं तयार करायच्या आज्ञा पहिल्याच प्रकरणात दिल्या आहेत, आणि उघडलेल्या प्रत्येक जोडणीसाठी पुढे कोणतं प्रकरण वाचायचं तेही तिथेच सांगितलं आहे.